आईच्या संगणकातलं ‘झालं’

प्रिय ठमाबाई,

रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या खांद्यामागे तुला आपला संगणक दिसला आणि तू किंचाळलीस, की बाबा, हे काय भयंकर करून ठेवलंय, रस्ता खणताना लावतात तसला फलक वाटतोय! मी हसून विषय बदलला, पण फोन ठेवल्यावर ते मला जरा लागलंच. जन्मभर पाट्या रंगवून ज्याने घर चालवलं, त्याच्या घरात काळ्याकुट्ट स्क्रीनवर पिवळीधम्मक, बोटबोटभर उंच अक्षरं, आणि माउसचा बाण केवढा, तर माझ्या अंगठ्याएवढा. माझ्या हातून अशी पाटी निघाली असती तर गिऱ्हाईकाने ती माझ्याच डोक्यात घातली असती. तरी तुला सांगतो, या घरात आजवर जे काही रंगवलं गेलं, त्यात मला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा वाटत असेल तर या कुरूप स्क्रीनचा. ती करामत माझी नाही, तुझ्या आईची आहे. फोनवर हे सांगणं शक्य नाही, कारण मी बोलायला लागलो की ती मागून दुरुस्त्या सुचवते. आत्ता ती तुझ्या आत्याकडे गेली आहे. तेवढ्यात लिहून टाकतो.

आईचे डोळे अधू झालेत हे तुला माहीत आहे. किती, हे आम्ही तुला सांगितलेलं नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय एवढ्यावर तुझी बोळवण केली. खरं असं आहे, की तिच्या नजरेचा मधला भाग गेला आहे. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. मी तिच्यासमोर उभा राहिलो तर तिला माझे कान दिसतात, खांदे दिसतात आणि चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. तुम्ही आता पूर्वीपेक्षा देखणे दिसता, असं ती मला वर तोंड करून सांगते! काही वाचायचं तर मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, चिमणी दाण्याकडे बघते तसं बघावं लागतं. डॉक्टरांनी यंत्रात डोळे घालून तपासलं, तिच्या माहेरच्या माणसांची चौकशी केली आणि म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं बहुतेक टिकेल. घरी येऊन कुलूप काढताना ती म्हणाली, उद्या मला नेहमीच्या वेळेला उठवा, कामावर जायचंय.

आता तिचं काम म्हणजे तुला माहीतच आहे, पाणीपुरवठ्याचा तक्रार कक्ष. फोन उचलायचा, समोरच्याचा संताप ऐकून घ्यायचा, गल्ली आणि घर विचारायचं, नळ कोरडा की गळका, पाणी गढूळ की वासाचं, हे सगळं संगणकात भरायचं आणि दुरुस्तीची माणसं पाठवायची. फोनवर आग ओकणारा माणूस तिच्याशी बोलता बोलता चहा घ्यायला या म्हणतो. अर्ध्या शहराने तिला पाहिलेलं नाही, पण पाणीवाल्या ताई म्हणून ओळखतं. मध्यंतरी मात्र चुका व्हायला लागल्या. एकदा तिने फुटलेल्या नळासाठी माणसं भलत्याच गल्लीत पाठवली आणि ज्या बाईच्या घरात पाणी शिरलं होतं ती तरातरा कार्यालयात आली. मग मोठ्या मॅडमनी तुझ्या आईला बोलावून सांगितलं, की एक तर लवकर निवृत्ती घ्या, नाहीतर मागच्या खोलीत जुन्या फायलींचे गठ्ठे बांधायला बसा, त्याला डोळे लागत नाहीत. मॅडम वाईट नाहीत गं. बोलताना त्यांचाच आवाज चिरकला होता म्हणे. तुझ्या आईने थोडी मुदत मागून घेतली आणि ठरवून टाकलं, की मुदत संपल्यावरच्या सोमवारी मॅडमनी स्वतः शेजारी बसावं, पूर्ण पाळी बघावी, आणि मग काय तो निकाल द्यावा. त्याच सुमाराला तू फोनवर म्हणालीस, आई, सोड की आता ते, इकडे ये, आराम कर. ती म्हणाली, बघू. तिचं ‘बघू’ म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको.

म्हणून घरातला संगणक कामाला लागला. पहिल्या दिवशी मीच पुढे सरसावलो. रंगाचं काम, म्हटलं हा आपला प्रांत. मी सुंदर निळसर पार्श्वभूमी लावली, त्यावर फिकट पांढरी अक्षरं, फोल्डरांची चित्रं एका ओळीत, सगळं कसं नाजूक. आई खुर्चीत बसली, मान तिरकी केली आणि म्हणाली, लावलंय का काही? तिला ढिम्म दिसत नव्हतं. मग मला माझ्याच धंद्यातली पहिली शिकवण आठवली, की लांबून वाचायची पाटी काळ्यावर पिवळी. नाजूकपणा गेला चुलीत. आम्ही एकेक करत सगळं वाढवत नेलं. अक्षरं वाढवली, बाण वाढवला, टिचकी मारली की बाणाभोवती वर्तुळं उमटतील अशी सोय शोधून काढली. हे सगळं सेटिंगमध्ये असतं, मलाही माहीत नव्हतं. तो बाण तरीही हरवायचा आणि ती टेबलावर माउस घासत, गेला कुठे मेला, गेला कुठे मेला, असा जप करायची. शेवटी तिनेच शक्कल काढली. बाण नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यात ढकलून द्यायचा, तिथे तो भिंतीला टेकतो, आणि तिथून मोजून मापून निघायचं. घरातून निघताना आपण जिन्यापासून वाट धरतो ना, तसंच.

आणि स्क्रीनवरचा तुझा फोटो काढला, हेही आताच सांगून टाकतो, म्हणजे नंतर रुसवा नको. तळ्याकाठचा, तुझ्या पहिल्या नोकरीच्या वेळचा. मी म्हटलं, अगं, एवढा एक राहू दे. तर ती म्हणाली, मला तिचे केस दिसतात आणि झाड दिसतं, तोंडच दिसत नाही, मग पोरीला तिथे कशाला ताटकळत उभी करून ठेवायची? आणि तिच्यामागे माझी सगळी चित्रं लपतात. मी फोटो काढला आणि काळा रंग भरला. त्या वेळी मला फार वाईट वाटलं, ते मी तिला दाखवलं नाही. तसंही तिला दिसलं नसतं, हा विनोद तिचाच आहे, माझा नाही.

पण दिसण्यावर सगळं भागेना. तेव्हा ती म्हणाली, आता आवाजांचं बघू. तुला कल्पना आहे का, संगणकाच्या पोटात आवाजांची एक अख्खी यादी असते! चालू झाला की एक, बंद झाला की एक, काही चुकलं की एक, कचरा टाकला की एक. आणि त्यातले निम्मे सारखेच. चांगलं झालं तरी टिंग, वाईट झालं तरी टिंग. आई म्हणाली, हे म्हणजे आपल्या आत्यासारखं झालं, लग्न ठरलं सांगा नाहीतर मोडलं सांगा, ती आपली ‘हो का’ म्हणणार. मजकूर वाचून दाखवणारी एक बाई संगणकात आहे, ती आम्ही चालू करून पाहिली, पण ती गल्ल्यांची नावं अशी काही उच्चारते की राहणाऱ्यांनी घरं सोडून जावं. शिवाय एका कानाला फोन लावलेला असताना दुसऱ्या कानाने तिचं पुराण कोण ऐकणार? आईला हवा होता एकच शब्द, झटकन कळणारा. आणि ते शब्द परक्या माणसाचे नकोत, असं तिचं म्हणणं. ओळखीच्या माणसाचा नुसता हुंकार ऐकला तरी त्याला काय म्हणायचंय हे आपल्याला कळतं.

मग आमच्या घरी ध्वनिमुद्रणाचा कारखाना निघाला. नवी तक्रार आली की आपल्या न्हाणीघरातल्या नळाचं ठिबकणं. तो नळ मी किती दिवस दुरुस्त करायचा म्हणत होतो, आता कळलं का केला नाही ते! एखादा रकाना रिकामा राहिला की तुझ्या आत्याचं ‘अगंबाई!’ आत्याला वाटलं, कुठल्या स्पर्धेला पाठवायचंय, ती साडी बदलून आली होती. काही पुसायला निघालं की आईच्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याला सगळे भोंगा म्हणतात, तो विचारणार, ‘नक्की ना?’ त्याने फोनवरूनच ते असं विचारलं की माझा स्वतःच्या नावावरचाही विश्वास उडाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नोंद जपून ठेवली गेली की एक आवाज हवा. तो मान माझा. शब्द ठरला, ‘झालं’.

आता इथे घोटाळा झाला. मी फोनसमोर बसलो, घसा साफ केला आणि म्हणालो, झालं. आईने तो आवाज संगणकात चढवला, सरावाची एक तक्रार भरली, बटण दाबलं आणि संगणक म्हणाला, ‘झालं!’ म्हणजे कसं, तर दूध उतू गेलं, बस सुटली, छप्पर गळायला लागलं, आता आपलं काही खरं नाही, तसलं. आई खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. म्हणाली, अहो, पाणी येणार आहे लोकांना, गेलेलं नाही! मी पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. गोड म्हणून पाहिलं, हसत म्हणून पाहिलं, गाण्यासारखं म्हणून पाहिलं. दर वेळी त्या शब्दाच्या शेपटीला सुतक लागलेलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की ‘झालं’ हा शब्द आपण दोन तऱ्हेने म्हणतो. काम पार पडलं तरी ‘झालं’ आणि बट्ट्याबोळ झाला तरी ‘झालं’. शब्द तोच, फक्त सूर वेगळा. आणि तुझ्या बापाला एकच सूर येतो. तू परीक्षेला निघालीस की मी दारातच ‘झालं, पाऊस भरून आला’ म्हणायचो, ते आठव. आई म्हणाली, हे वाया नको घालवायला. तिने माझं रडकं ‘झालं!’ वेगळ्या कामाला लावलं. नोंद जपली गेलीच नाही, जोडणी तुटली, यंत्र अडकलं, तर ते वाजणार. सुखाचं ‘झालं’ मात्र काही केल्या निघेना. मी नाद सोडला. तिने सोडला नव्हता. एके दिवशी खालच्या शिंप्याच्या दुकानाची पाटी मी आपल्या बाल्कनीत रंगवत होतो. शेवटच्या अक्षराची वेलांटी ओढली, ब्रश पाण्यात टाकला, दोन पावलं मागे सरून पाहिलं. संध्याकाळी संगणकावर काहीतरी भरलं गेलं आणि एक माणूस आतून अगदी निवांत, पोटभर जेवल्यासारखा म्हणाला, ‘झालं.’ मी विचारलं, कोण गं हा? ती म्हणाली, तुम्ही. फोन तिने कुंडीमागे ठेवला होता. पाटी पुरी झाली की तुम्ही हे दर वेळी म्हणता, म्हणाली, मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. मला खरंच ठाऊक नव्हतं गं. आपल्या तोंडात एवढा आनंद असतो आणि आपल्यालाच पत्ता नसतो!

मग सोमवार उजाडला. मी तिला सोडायला गेलो आणि बाहेरच्या बाकावर ठाण मांडून बसलो, दार उघडंच होतं. आईने घरचे रंग आणि आवाज तिथल्या संगणकावर चढवायला काढले आणि सुरुवातीलाच माशी शिंकली. कार्यालयाचा संगणकवाला म्हणाला, असलं काही इथे चालत नाही, सगळ्यांच्या स्क्रीनवर खात्याचं बोधचिन्ह पाहिजे आणि आवाज बंद पाहिजेत, तसा नियम आहे. आईने नमतं घेतलं नाही. ती म्हणाली, चष्मा लावायला नियम आहे का? तो म्हणाला, नाही. ती म्हणाली, मग हा माझा चष्मा आहे, थोडा कानावर आलाय एवढंच. मॅडम म्हणाल्या, लावू दे, आजच्या दिवस बघू. पाऊण कक्ष खुर्च्या फिरवून बघत होता. स्क्रीन काळीपिवळी झाली तेव्हा कोणीतरी फिसकन हसलं, ते मला बाकावर ऐकू आलं. मला वाटत होतं, झालं, आता ही घाबरणार.

ती घाबरली नाही. ठिबक वाजलं की फोन, मग बोटं कळांवर, मग आतून माझंच ‘झालं’. एकदा ‘अगंबाई!’ ऐकू आलं, तिने घर क्रमांक राहिलाय वाटतं म्हणत तो भरला आणि भोंगा खो खो हसला. असं चांगलं चाललं असतानाच बाजाराजवळची मोठी जलवाहिनी फुटली. सगळे फोन एकदम किणकिणायला लागले, सगळेजण माना खाली घालून भराभरा टंकत सुटले. आणि त्या गलक्यात माझा आवाज घुमला, ‘झालं!’ तो रडका. मी बाकावरून ताडकन उठलो. मॅडमही दचकल्या आणि विचारत्या झाल्या, काय झालं, कोण गेलं? आई शांतपणे म्हणाली, नोंदी जात नाहीयेत, जोडणी तुटली आहे, सगळे थांबा, पत्ते कागदावर घ्या. बाकीचे आवाज बंद ठेवून काम करत होते ना, त्यांच्या स्क्रीनवर कोपऱ्यात बारीकशी लाल खूण आली होती म्हणे, पण घाईत तिकडे बघणार कोण? त्यांचं भरलेलं नुसतं हवेत जात होतं. संगणकवाला धावला. तोवर आई फोनवरच्या माणसांना समजावत होती, पत्ते मनात ठेवत होती आणि भोंग्याला सांगून मोठ्या अक्षरात लिहवून घेत होती. जोडणी परत आली तशी तिने एकेक तक्रार भरायला घेतली. आणि मग सुरू झालं गं ते. झालं. झालं. झालं. तो बाल्कनीतला, निवांत माणूस बोलत होता आणि लोकांच्या घरी दुरुस्तीची माणसं निघत होती. मी बाहेर उभा होतो, आणि मला रडू आवरेना. असा अभिमान मला स्वतःच्या कुठल्याही पाटीचा कधी वाटला नाही. शिपाई येऊन विचारून गेला, काका, पाणी देऊ का?

पाळी संपल्यावर मॅडम उठल्या. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, आई सोडून, ती त्यांच्या कानाकडे बघत होती. मॅडम म्हणाल्या, ताई, उद्यापासून आवाज जरा कमी ठेवा, मला माझ्या खोलीत दचकायला होतं. बस्स, एवढाच निकाल. उद्यापासून! ती तशीच रुबाबात बाहेर आली, माझा हात धरला, जिना उतरली, आणि फाटकाबाहेर पडल्यावर मला म्हणाली, बघितलंत? आता भोंग्याला स्वतःच्या संगणकावर स्वतःच्या बायकोचा आवाज हवा आहे. इतरांनीही चौकशी चालवली आहे आणि संगणकवाला डोक्याला हात लावून बसला आहे.

आता मी हे एवढं का लिहीत बसलो, ते सांगतो. नीट खुर्चीत बसून वाच. आईच्या वडिलांना उतारवयात दिसेनासं झालं होतं, ते सगळ्यांनी म्हातारपणावर ढकललं. डॉक्टरांनी तेव्हा माहेरची चौकशी केली ती त्याचसाठी. हा आजार रक्तातून उतरू शकतो आणि तुमच्या मुलीचे डोळे तपासून घ्या, असं त्यांनी त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. आईचं उशिरा कळलं; लवकर कळलं तर बरंच काही करता येतं, असंही म्हणाले. मी लगेच तुला फोन लावायला निघालो होतो, तर तिने माझा हात धरला. म्हणाली, आत्ता नको. आत्ता सांगितलंत तर तिला आंधळी होत चाललेली, उद्या नोकरीही जाईल अशी आई दिसेल आणि पोरगी हाय खाईल. आधी माझं मला सिद्ध करू द्या, मग माझी सगळी हकीकत तिला सांगा, आणि शेवटी हे सांगा. ठमाबाई, तो सोमवार तिने नोकरीसाठी जिंकलेला नाही. फायलींचे गठ्ठे तिने हसत बांधले असते. तो तिने तुझ्यासाठी जिंकला. तेव्हा आता डॉक्टरांकडे जा, याच आठवड्यात जा, एकटी जाऊ नकोस, मैत्रिणीला घेऊन जा. बहुतेक काहीच निघणार नाही. निघालंच, तर आईला फोन कर, मला नको. मला यातलं काही येत नाही, तिला सगळं येतं.

तुझाच,
बाबा